शेवटचा अंतरा

पुलाच्या मध्यावर या आणि कठड्याला टेकून उभे राहा. पाठीमागं शहागडचा थांबा, समोर गेवराईची दिशा, खाली गोदावरी. सोलापूरकडं निघालेले ट्रक पूल थरथरवत जातात. एखाद्याच्या केबिनमधून गाण्याची दीड ओळ अंगावर येते आणि ट्रकबरोबरच निघून जाते. आवाज ओळखायला तेवढी पुरते. प्रल्हाद शिंदे.

मोबाइल काढा आणि ते गाणं शोधा. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’. पडद्यावर गायकाचं नाव येतं, कंपनीचं येतं, खाली कुणाकुणाचे जोडलेले हात आणि फुलं येतात. हे लिहिलं कुणी? बोटानं वर-खाली करत बसा. या रस्त्यावर ते गाणं पाठ नसलेला माणूस मिळणं अवघड. ते दत्ता पाटलांनी लिहिलं आणि त्याला चाल मधुकर पाठकांनी लावली, हे सांगणारा मिळणं त्याहून अवघड.

आता मोबाइल बंद करा. दुसऱ्या खिशात हात घाला. तिथं एक कॅसेट आहे, वरचा कागद केव्हाच गेलेली. तिच्या दातेरी भोकात पेन्सिल खुपसा आणि उलटी फिरवायला लागा. घाई करू नका, फीत सैल पडली की गुंता होतो. चौपदरी रस्ता दुपदरी होतो. ट्रक कमी होतात. राष्ट्रीय महामार्ग 52 चा पुन्हा 211 होतो. फीत घट्ट झाली, की थांबा.

1985 चा एप्रिल. दुपार.

पहिल्यांदा जाणवतो तो उन्हाचा वास, मग डिझेलचा, मग कुठंतरी तळल्या जाणाऱ्या भज्यांचा. नदी नावालाच आहे. वर पैठणला 1976 पासून नाथसागर भरलेला, त्यामुळं इथं उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त. वाळूत टरबुजांचे वेल पसरलेत. तुमच्या पलीकडं बसलेला म्हातारा कुणाला तरी पत्ता सांगताना अजून ‘जिल्हा औरंगाबाद’ म्हणतो. जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, पण चार वर्षांत जिभेची सवय जात नसते.

थांब्याजवळ पत्र्याची एक खोली आहे. बाहेर फळीवर खडूनं लिहिलंय : ‘गाणी भरून मिळतील’. आत जा. पत्रा तापलेला, टेबलफॅन गरगरतोय आणि एकावर एक ठेवलेल्या दोन डेकचे हिरवे-लाल काटे उड्या मारतायत. भिंतभर कॅसेट. भक्तिगीतं, कव्वाली, भीमगीतं, लोकगीतं, तमाशाची वगनाट्यं, हिंदी सिनेमा. प्रत्येक कव्हरवर फोटो गायकाचा. कव्हरच्या मागं, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘गीत’ या शब्दापुढं एक नाव. ते वाचायला कव्हर दारातल्या उजेडात न्यावं लागतं.

दुकानदार तुमच्याकडं न बघता हात पुढं करतो. यादी मागतोय. तेव्हाची रीतच ती. कोरी साठची कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर आपल्या आवडीची गाणी लिहून द्यायची आणि संध्याकाळी न्यायला यायचं. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. तुमच्या आधीच्या पोराची यादी त्याच्या हातात आहे, आणि गणित जमत नाहीये. सहा गाणी बसतात, सातवं मिनिटभर लोंबतं.

“मग काय करता?” तुम्ही विचारता.

“शेवटचं कडवं कापायचं.” डेकच्या बटणावर बोट ठेवून तो म्हणतो, “त्यात काय असतंय? नुसतं नाव तर असतंय.”

आणि खट्‌कन बटण दाबतो.

हा आवाज लक्षात ठेवा. कुणी वाईट बुद्धीनं काही केलेलं नाही. तीस मिनिटांची फीत आहे, गिऱ्हाईकाला सात गाणी हवीत, आणि सर्वांत कमी गरजेची ओळ कोणती, तर लिहिणाऱ्याची. याआधीच्या पिढीत ग्रामोफोनच्या तव्यांनीही हेच केलं होतं. तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसत. फडावर सात-सात अंतरे चालणारं गाणं त्यात कोंबायचं, तर मधलं किंवा शेवटचं काहीतरी उडणारच.

चहा घ्या. दिवस कलू द्या. तुम्ही ज्यासाठी आलाय ते रात्री आहे.

आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम एप्रिलच्या 14 ला एका दिवसात संपत नाही. महिनाभर गावोगाव चालतो, कारण गायन पार्ट्या मोजक्या आणि वस्त्या पुष्कळ. आज इथली पाळी. निळी पताका, लिंबाच्या फांदीला बांधलेला भोंगा, आणि वीज जाणार हे गृहीत धरून आधीच पेटवून ठेवलेली गॅसबत्ती. पुढं पोरं, मागं बाप्ये, आणि जेवणं-भांडी उरकून सर्वांत शेवटी आलेल्या बाया. कुणीतरी तुमच्याकडं एक पोतं सरकवतं. बसा. शेजारी एक आजी आहेत, मांडीवर झोपलेलं नातवंड.

पेटी, ढोलक, बेंजो, टाळ आणि मागं कोरसला दोघं. बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. गायकाच्या पुढ्यात कडा तेलकट झालेली दोनशे पानी वही. प्रत्येक पार्टीकडं अशी वही असते, आणि ती दुसऱ्या पार्टीच्या वहीवरून उतरवलेली असते.

गाणं सुरू होतं. पहिल्या दोन ओळींत तुम्हाला चाल कळते आणि हसू येतं, कारण ती एका जुन्या हिंदी सिनेमाच्या प्रेमगीताची आहे. हसा, पण थांबून बघा काय चाललंय. चाल सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळं कान सगळे शब्दांकडं लागलेत. कोरसला शिकवावं लागत नाही. अमेरिकेत 1954 साली रे चार्ल्सनं याच्या उलट केलं होतं. चर्चमधल्या भजनाची चाल उचलली, तिच्यावर एका बाईच्या प्रेमाचे शब्द बसवले, आणि त्यातून ज्याला लोक सोल म्हणतात ते संगीत उभं राहायला लागलं. तिकडं देवाची चाल माणसाकडं आली, इकडं सिनेमाची चाल चळवळीकडं. दोन्हीकडं चाल घेणाऱ्यांना नाकं मुरडणारे भेटले. दोन्हीकडं गाणी टिकली, नाकं कुणाची होती ते कुणाला आठवत नाही.

दर गाण्यामागं माइकवरून घोषणा होते. अमक्या गावच्या अमक्यांकडून पार्टीस अकरा रुपये. तमक्यांकडून पाच. एक रुपया देणाऱ्याचंही नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट भोंग्यातून नदीपार जातं. लिहिणाऱ्याचं नाव मात्र निवेदक घेत नाही. तुम्ही वाट बघता, तो घेत नाही.

मध्येच एक गाणं नामांतराचं येतं आणि बसलेली माणसं बदलतात. पाठी ताठ होतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. इथं बसलेल्यांपैकी कुणी काय पाहिलं, हे विचारायची ही जागा नाही. ठरावाला सात वर्षं होत आलीत, विद्यापीठाच्या कमानीवर अजून जुनंच नाव आहे. तुम्हाला पुढची तारीख ठाऊक आहे, 14 जानेवारी 1994. गप्प राहा. तोवर आणखी काय काय होणार आहे तेही तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही.

मध्यरात्र उलटते. वीज गेलीय, भोंगा बॅटरीवर. गायकाचा आवाज बसत आलाय, आणि बसलेल्या आवाजातच तो सर्वांत लांब गाणं काढतो. एकेक अंतरा संपतो, तुम्हाला वाटतं झालं, तो पुढचा धरतो. शेवटच्या अंतऱ्याला ढोलक थांबते. फक्त पेटी. आणि त्या ओळीत, यमकाच्या अलीकडं, एक साधं तीन अक्षरी नाव येतं : वामन.

कोरस ते उचलून धरतो. मागच्या बाया, ज्या इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या, त्याही.

“दादाचं हाय हे,” शेजारच्या आजी म्हणतात.

“कशावरून, आजी?”

त्या तुमच्याकडं बघतात, थोड्या कीव आल्यासारख्या. “नाव घेतलं की शेवटाला. ऐकलं नाहीस का, लेकरा?”

आजींना अक्षर येत नाही. दुपारच्या दुकानातली ती मुंगीएवढी ओळ त्यांनी उजेडात नेऊन वाचली नसती. तरी तुम्ही विकत घेतलेल्या कुठल्याही कॅसेटपेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे, कारण त्या शेवटपर्यंत बसल्या.

आता पेन्सिल पुन्हा फिरवा, थोडीच. 1943, मुंबई.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा एकवीस वर्षांचा एक तरुण रस्त्यानं चाललाय आणि दर दुकानापुढं थांबतोय. काही घेत नाही, वर बघतो, ओठ हलवतो, पुढं सरकतो. पाट्या वाचतोय. वामन तबाजी कर्डक, जन्म 15 ऑगस्ट 1922. शाळा पाहिलेली नाही. सांगतात, की कुणीतरी त्याच्यापुढं पत्र धरलं, वाचून दाखव म्हणालं, आणि वाचता न आल्याची लाज त्याला रडवून गेली. मग एका मास्तरांकडून मुळाक्षरं आणि उरलेलं मुंबईच्या पाट्यांकडून. त्याच वर्षी त्यानं पहिलं गाणं लिहिलं, हिंदी सिनेमाच्या चालीवर केलेलं विडंबन. त्यानंतर साठ वर्षं हा माणूस गावोगाव गात हिंडला. गाणी किती, याचा आकडा माणसागणिक बदलतो. हजारांत मोजायची, एवढं खरं. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे संग्रह 1970 च्या दशकात निघाले, पण त्याची बहुतेक गाणी संग्रहांतून गेलीच नाहीत. ती त्या तेलकट कडांच्या वह्यांतून गेली.

ज्याला अक्षरासाठी एवढं झुरावं लागलं, त्यानं आपलं नाव कागदाच्या भरवशावर ठेवलं नाही, यात मला नवल वाटत नाही. कव्हर फाटेल, वही भिजेल, निवेदक विसरेल. ओळीत, वृत्तात, यमकाला धरून बसवलेलं नाव काढायचं तर ओळच मोडावी लागते.

आता जरा परदेशी. 1967, डेट्रॉइट. खिडकीतल्या रेडिओवर एक बाई मान मागतेय, धमकावून मागतेय, आणि गल्ली थांबून ऐकतेय. अरेथा फ्रँकलिन, पाद्र्याची मुलगी, गळा चर्चमध्ये तयार झालेला. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं तिचं, असं जग आजही समजतं. तबकडी हातात घेऊन मधल्या गोल कागदावर बघा. गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक टाइपात, ‘रेडिंग’. ओटिस रेडिंगनं ते लिहिलं आणि 1965 मध्ये स्वतः गायलंही. तिकडच्या कायद्याची गंमत अशी, की रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. म्हणजे अरेथाचं नाव झालं आणि कंसातल्या माणसाच्या घरी चेक जात राहिला. त्याच शहरातल्या मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांत जे वादक वाजवत, त्यांची नावं मात्र मोटाउनच्या अल्बमवर पहिल्यांदा छापली गेली ती 1971 साली, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. पुढच्याच वर्षी मुंबईत काही तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रहही त्याच 1972 चा. दोन्हीकडची माणसं एकमेकांची गाणी ऐकत होती, असा दावा मी करणार नाही. वर्तमानपत्रं वाचत होती, एवढं नक्की.

आपल्याकडं कंसातल्या माणसाला चेक गेला नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क कुणाला लिहून देऊनही जाऊ नये, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात आली ती 2012 साली. वामनदादा 15 मे 2004 ला गेले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी.

परत शहागडला या, पण रस्त्यानं नको. नदीकाठानं वरच्या अंगाला चालायला लागा. इथं काळ नदीच्या उलट वाहतो असं धरून चला, पैठणपर्यंत पोचेस्तोवर चारशे वर्षं मागं गेलेली असतील. धरण नाही, कालवा नाही. शके 1506, म्हणजे 1584.

घाटावरच्या वाड्यात एक गृहस्थ पोथ्यांचा ढीग मांडून बसलेत. एक ओवी या पोथीत एक आहे, त्या पोथीत वेगळी, तिसरीत दोनाच्या चार झाल्यात. तीनशे वर्षं लोकांनी ज्ञानेश्वरी उतरवताना आपलं आपलं घालून ठेवलंय, आणि एकनाथ महाराज ते निवडतायत, तांदळातले खडे निवडावेत तसे. काम झाल्यावर, पुढं कुणी आपली ओवी घुसडू नये म्हणून त्यांनी ताकीदही लिहून ठेवली. शहागडच्या डेकवाल्यानं शेवटचं कापलं, इथल्या उतरवणाऱ्यांनी जास्तीचं जोडलं. दुखणं एकच.

नाथांच्या स्वतःच्या रचनांत शेवटी ‘एका जनार्दनी’ येतंच. आधी आपलं नाव, मग गुरूचं. याच नदीवर खाली गंगाखेडला जनाबाई होऊन गेली, ती नामदेवांच्या घरची दासी म्हणून स्वतःचं नाव सांगायची. इथून ईशान्येला, बुलढाण्यातल्या मेहुणाराजाला चोखोबांचा जन्म सांगतात. त्यांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले अशी परंपरा आहे, पण लेखणी कुणाच्याही हातात असो, शेवटी ‘चोखा म्हणे’ आहे. या लोकांना कॅसेटचा धंदा ठाऊक नव्हता. नाव ओळीत शिवायला मात्र त्यांनीच शिकवलं.

नाथांच्या वाड्यात आणखी थोडं रेंगाळा, कारण एक गोष्ट मला इथं नेहमी टोचते. नाथांनी जोहार लिहिले. महाराच्या तोंडून, महाराच्या भाषेत, गावगाड्याला ऐकवणारे, चांगले खणखणीत. बोलतो महार आणि शेवटी सही असते नाथांची. त्यांच्या काळात एका ब्राह्मणानं तो आवाज तोंडात घेणं ही मोठीच गोष्ट होती, हे मान्य. पण त्या वाड्यातून निघून नदीकाठानं परत खाली 1985 च्या त्या गॅसबत्तीपर्यंत चालत या आणि पुन्हा एकदा तो शेवटचा अंतरा ऐका. तीच भाषा, तसाच ठसका, आणि सही वेगळी. आजी कशावर मान डोलवत होत्या ते तेव्हा कळतं.

पहाट होतेय. पार्टी पेटीला कापड गुंडाळतेय. गायकाला विचारा, वही बघू का. तो देतो, संकोचानं, कारण अक्षर वाईट आहे. पानं उलटा. काही गाण्यांवर वर लिहिलंय : ‘चाल अमुक’. कवीचं नाव वर कुठंच नाही. ते शोधायला प्रत्येक वेळी पानाच्या तळाशी जावं लागतं, आणि एका ठिकाणी तळाचा कोपरा उंदरानं खाल्लाय. ते गाणं कुणाचं, हे आता त्या गायकालाही सांगता येत नाही. तो गातो मात्र.

पेन्सिल सरळ फिरवा. रस्ता रुंद होतो, ट्रक वाढतात, आणि तुम्ही पुन्हा पुलावर आहात. कठडा तापलाय.

घरी माळ्यावर कॅसेटची पिशवी असेल तर ती भंगारात देण्याआधी एकदा खाली काढा. फीत चालेल न चालेल, आतला कागद तेवढा बाजूला ठेवा. मागच्या बाजूला ‘गीत’ असं लिहिलेलं असतं, त्यापुढचं नाव उजेडात नेऊन वाचा आणि कुठंतरी टिपून ठेवा. आणि तुमच्या गावात एखाद्या गायन पार्टीची जुनी वही कुणाच्या घरी असेल, तर तिच्या पानांचे फोटो या पावसाळ्याच्या आत काढून घ्या, पानाच्या तळापर्यंत.